चाळीस दुखणी आणि एक चूळ

अव्वा,

आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायचा अधिकार माझा नाही. तुम्हाला मुलगा आहे, सून आहे, आळंदकडे दोन भाऊ आहेत. मी गल्लीतला, शेजारच्या जीपवाल्याचा मुलगा. शिवाय ज्याला तुमची निम्मी भाषा कळतच नाही, त्यानं तुमच्यावर काय लिहावं? पण तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुरेखावहिनी मला म्हणाल्या, "दत्ता, तू शिकलेला हायस. तू लिही काहीतरी. आमाला रडायला येतं, लिहायला न्हाय येत." मला दोन्ही नीट येत नाही, हे तुमच्या सुनेला सांगायचं धाडस झालं नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. कानडीही नाही, मराठीही नाही. कुठलं पत्र आलं, लाइटबिल आलं, की आमच्या दारात उभ्या राहून म्हणायचात, "तम्मा, हे काय म्हणतंय बघ." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तुमच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान असलेल्या मला तुम्ही तेच म्हणायचात. म्हणून हे मी दारात उभं राहून तुम्हाला वाचून दाखवतोय, असं समजून लिहितो. चुकलं तर नेहमीसारखं "परत वाच" म्हणा.

तुमचं खरं नाव शरणव्वा. पण लोहाऱ्यात ते कुणी घेत नव्हतं, सगळे अव्वाच म्हणायचे. तुम्ही दवाखान्यात झाडायला म्हणून लागलात आणि डॉक्टरांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर कधी बसलात, हे डॉक्टरांनाही आठवत नाही. कर्नाटकात, आळंदकडची माणसं माझ्या वडिलांच्या जीपमधून यायची. त्यांना मराठी येत नव्हतं, डॉक्टरांना कानडी येत नव्हतं. वडील दवाखान्याच्या दारातून ओरडायचे, "अव्वा, तीन आणलेत. त्यातली म्हातारी वाटंभर कण्हत होती, तिला आधी घ्या." आणि मला सांगायचे, "मी निसती माणसं आणतो बग. त्यांचं बोलणं अव्वा आणत्यात."

मी तुम्हाला काम करताना पहिल्यांदा नीट पाहिलं ते बी. ए.ला मानसशास्त्र घेतल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत. एक बाई पोट धरून बसली होती. ती कानडीत बोलायची आणि तिचं वाक्य संपतं न संपतं तोच तुम्ही डॉक्टरांना सांगायचात, "माझ्या पोटात उजव्या अंगाला आग पडतीया. तीन दिस झालं, मी जेवले न्हाय." तिच्या पोटात असं तुम्ही म्हणत नव्हता. माझ्या. डॉक्टरांना त्याची सवय होती. मला नव्हती. मी दचकून तुमच्या पोटाकडे पाहिलं.

ती बाई गेली. तुम्ही खिडकीतला तांब्या उचललात, तोंडात पाणी घेऊन घोळवलंत, डावीकडे वळून खिडकीबाहेरच्या कण्हेरीच्या बुडाशी चूळ टाकलीत, पदरानं तोंड पुसलंत आणि पुढच्या माणसाला "बा" म्हणालात, म्हणजे ये. प्रत्येक पेशंटनंतर हेच. एक माणूस, एक चूळ.

संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा तुम्ही ओट्यावर कडक भाकरी मोडत बसला होता.

"तिच्या पोटात म्हणायला काय होतं, अव्वा?"

"तिच्या म्हणलं की दुखणं लांब जातं. डाक्टर आपलं कागदावर लिवत्यात. माझ्या म्हणलं की मान वर करून बघत्यात."

"आणि चूळ कशाला?"

"दुसऱ्याचं दुखणं माझं माझं म्हणून बोलले ना मी? ते तोंडात ऱ्हायलं तर? दिसाला तीस माणसं येत्यात. तीस दुखणी पोटात घेऊन घरी येऊ व्हय?"

मी वहीत लिहून घेतलं. तुम्ही हसलात. "लिव लिव. पास झालास तर पेढं आण, नापास झालास तर चूळ भर."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी नवं नवं शिकलेलं तुम्हाला सांगायला लागलो. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा कायम जाग्या असतात. एक बोलताना दुसरीला दाबून धरावं लागतं. आणि इकडचं तिकडं करणाऱ्याला तर एकीत ऐकायचं, ते ध्यानात धरायचं, त्याच वेळी दुसरीत जुळवायचं, म्हणून मेंदूच्या पुढच्या भागावर फार ताण येतो, आणि तो यंत्रावर दिसतोसुद्धा.

"दाबून धरायचं?" तुम्ही म्हणालात. "सवती हायत्या का त्या? बहिणी हायत्या. एक चुलीपाशी बसली की दुसरी पाण्याला जाती. कोण कुणाला दाबतंय?"

"पुस्तकात तसं आहे, अव्वा."

"पुस्तक लिवणाऱ्याला कानडी येत हुतं का?"

मग मी विचारलं, की तुम्ही तिचं "माझं" म्हणून बोलता तेव्हा तुम्ही स्वतः कुठे असता? तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसलात. "मी सरकून बसते," म्हणालात. "मी मधी बसले तर तिचं दुखणं डाक्टरापतूर जाणार कसं?"

"सरकून कुठे? डोकं तर तुमचंच असतं ना?"

"ते मला काय ठावं? तू मशिनीत बघ आन मला सांग, मी कुठं असते ती."

तुम्ही ते थट्टेनं म्हणाला होता की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. मी मात्र मनावर घेतलं. एम. ए.ला पुण्याला गेल्यावर मार्गदर्शक मॅडमनी प्रबंधासाठी विषय विचारला, तेव्हा मी त्यांना तुमचंच सांगितलं. आमच्या विभागात ते यंत्र आहे. डोक्यावर टोपी चढवतात, टोपीला बारीक बारीक तारा असतात. मेंदूत जी अगदी थोडी वीज चालते, ती कवटीवरून टिपतात आणि पडद्यावर तिच्या लाटा दिसतात. मॅडम म्हणाल्या, शाळा न शिकलेली, रोज हेच काम करणारी अशी व्यक्ती मिळणं अवघड आहे, घेऊन ये त्यांना. मी फोनवर तुम्हाला एकच गोष्ट तीनदा सांगितली. डोकं स्वच्छ धुऊन या, यंत्राला केस कोरडे लागतात.

आणि तुम्ही धुऊनच आलात. शिकेकाईनं धुतलेत, आणि मग वहिनींकडून वाटीभर तेल जिरवून, चापून चोपून अंबाडा बांधून, पदरात गूळ-शेंगा घेऊन एस.टी.तून उतरलात. मी कपाळाला हात लावला.

"अव्वा, कोरडे म्हणालो होतो ना!"

"कोरड्या केसानं कुणाच्या दारात जाऊ?" तुम्ही माझ्यावरच डाफरलात. "कोण मेलंय माझं?"

मॅडम हसल्या. त्यांनी स्वतः मुलींच्या वसतिगृहाच्या मोरीत तुमचे केस दोन वेळा शाम्पूनं धुतले. तेल सुटेना. तिसऱ्यांदा धुताना तुम्ही त्यांना म्हणालात, "बाई, माझ्या आईनं बी इतकं न्हाय घासलं मला." तो अर्धा तास फार चांगला होता, अव्वा. मी बाहेर उभा होतो आणि आतून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मला वाटत होतं, माझी दोन जगं एका मोरीत भेटली.

त्यानंतरचं मला लिहायचं नव्हतं. पण तेच लिहायला बसलोय.

तुम्हाला आतल्या लहान खोलीत बसवलं. तोंड हललं की लाटा बिघडतात, म्हणून तोंड नेमकं कधी हललं ते कळायला समोर कॅमेरा लावला होता. तुम्ही विचारलंत, "फोटो काढतोय व्हय?" आणि पदर सारखा केलात. मी काचेपलीकडे मॅडमच्या मागे, जिथून तुम्ही दिसत नव्हता, फक्त तुमच्या लाटा दिसत होत्या. कानात कानडी वाक्य येणार, घंटी वाजली की तुम्ही ते मराठीत सांगायचं, मग पुढच्या वाक्यापर्यंत अगदी स्तब्ध बसायचं. अशी चाळीस वाक्यं. ती मीच काढली होती, तुमच्याच दवाखान्यातली, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल म्हणून. माझ्या छातीत कळ येते. माझं मूल दूध ओढत नाही. मला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय.

पाच वाक्यं झाली आणि तुमचा आवाज आला, "तम्मा, पाणी दे रे थोडं."

मॅडमनी मागे वळून मला विचारलं, "तहान लागलीय का त्यांना? थांबवायचं?"

तहान नव्हती ती. मला माहीत होतं. माझ्यासाठी ती वाक्यं होती, तुमच्यासाठी पाच माणसं होऊन गेली होती. पण थांबवलं असतं तर तारांखाली डोक्याला लावलेलं जेल वाळून सगळं पुन्हा लावावं लागलं असतं. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं आहे. त्या काचेच्या खोलीत, त्या मॅडमसमोर, "त्यांना चूळ भरायची आहे, थुंकायला काहीतरी द्या," असं म्हणायची मला लाज वाटली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. तिथे सगळं नीट बोलायला मी चार वर्षं शिकलो होतो. मी म्हणालो, "थांबतील त्या, मॅडम. सवय आहे त्यांना."

मॅडमनी माईकवरून सांगितलं, "अव्वा, थोडंच राहिलंय. हलू नका हं."

तुम्ही पुन्हा मागितलं नाहीत. उरलेली पस्तीस दुखणी एकामागून एक, "माझं" म्हणून, न अडखळता सांगितलीत.

मग टोपी काढणं, केसांतलं जेल धुणं, संध्याकाळची गाडी गाठायची घाई. गाडीत बसल्यावर मला आठवलं. मी बाटली पुढे केली. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. म्हणालात, "आता कशाला?"

एवढंच. तुम्ही रागावला होता, की थकला होता? तुम्ही आठवलात की हल्ली मला तेवढंच वाक्य ऐकू येतं.

नंतर दर रविवारी मी घरी फोन केला की पलीकडून तुमचा आवाज यायचा, "तम्मा, निकाल लागला का? काय दिसलं माझ्या डोस्क्यात? कुठं हुते मी?" मी सांगायचो, अजून बरीच माणसं तपासायची आहेत, सगळ्यांचं एकदम बघतात. तुम्ही म्हणायचात, "बोर्डाचा निकाल बी इतका येळ लावत न्हाय." एकदा मी म्हणणार होतो, अव्वा, त्या दिवशी पाण्याचं चुकलं माझं. पण मागे वडील होते, आई होती. फोनवर काय बोलायचं म्हणून राहिलं.

मग तुम्हाला झटका आला. सोलापूरच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तुमचा उजवा हात लुळा पडला होता. बसवराजभाऊ कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "आई नुसती कानडी बोलतीया. तेबी तुटक. मला काय कळंना." घरात तुमच्या सासऱ्यांनी कानडी बोलू दिली नव्हती, म्हणून तुमच्या मुलाला तुमची भाषा फक्त जेवणापुरती येत होती. तुम्ही काहीतरी सांगत होता, पुन्हा पुन्हा, आणि आम्ही तिघं, तुमचा मुलगा, तुमची सून आणि भाषेवर प्रबंध लिहिणारा मी, खाली मान घालून उभे होतो. सगळ्या जिल्ह्याचं दुखणं इकडून तिकडे नेलेल्या बाईचं दुखणं न्यायला कुणी नव्हतं.

दुपारी विजापूरकडची सिस्टर आली. आम्हाला केवढा आधार वाटला. ती तुमच्यावर वाकली आणि म्हणाली, "अव्वा, ब्यानी ऐतेनु?"

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलंत आणि स्वच्छ मराठीत म्हणालात, "अव्वा, दुखतंय का?"

वहिनींना वाटलं तुम्ही बऱ्या झालात. त्या रडायलाच लागल्या. सिस्टरनं पुन्हा कानडीत विचारलं, तुम्हालाच विचारतेय, कुठे दुखतंय? तुम्ही पुन्हा माझ्याकडे वळून म्हणालात, "तुमालाच इचारतीया. कुठं दुखतंय?" मी मराठीत विचारलं की तुम्ही नुसत्या पाहायचात. तुमचं स्वतःचं मराठी गेलं होतं. दुसऱ्याचं कानडी मराठीत आणणं तेवढं शिल्लक होतं.

डॉक्टर म्हणाले, क्वचित होतं असं. स्वतःचं बोलायची वाट आणि इकडचं तिकडं करायची वाट मेंदूत थोडी वेगळी असावी. एक तुटते, दुसरी उरते. अव्वा, हे सांगताना लाज वाटते, पण सांगतो. त्या क्षणी माझा हात खिशातल्या वहीकडे गेला होता. मग मी तो काढून घेतला.

तुमच्या पलंगावर कागद लावला होता, तोंडातून काही देऊ नये. गिळता येत नव्हतं, पाणी फुप्फुसात गेलं असतं. वहिनी ओला कापूस तुमच्या ओठांवरून फिरवायच्या. मी पुण्याहून येताना काय ठरवून आलो होतो सांगू? तुम्हाला स्वतःच्या हातानं चूळ भरायला पाणी द्यायचं. तांब्याही आणला होता, आमच्या घरचा. तो पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला बाजूला घेऊन म्हणालो, माझं एक वाक्य त्यांना कानडीत सांगाल का? तिनं मला काही विचारलं नाही. तुमच्याजवळ बसून तिनं ते हळू सांगितलं. तुम्ही ऐकलंत. डोळे मिटलेत, उघडलेत. मग माझ्याकडे वळून, माझ्या डोळ्यांत पाहून म्हणालात,

"त्या दिशी मी तुमाला पाणी दिलं न्हाय. मला लाज वाटली. माझं चुकलं."

नेहमीच्या तुमच्या पद्धतीनं. माझं. मी पाठवलेली माफी तुमच्या तोंडून जशीच्या तशी माझ्याकडे परत आली. तुमच्यात ती थोडी तरी थांबली का? की तुम्ही सरकून बसला होता आणि ती तुमच्या अंगावरून निघून आली? मी सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी तेवढंच सांगितलं." मी म्हणालो, "हो, त्यांनीही तेवढंच सांगितलं."

तीन आठवड्यांनी वडिलांचा फोन आला, "अव्वा गेल्या रे." माझी परीक्षा चालू होती. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तुमच्यात माणसाला बसवून माती देतात. बसवराजभाऊ म्हणाले, "आईला विभूती लावून बसवली, तर स्टुलावर बसल्यावानीच दिसत हुती. वाटलं आता कुणाचं तरी दुखणं सांगती." त्या दिवशी वडिलांनी आळंदची फेरी केली नाही. दुसऱ्या दिवशी केली. एक म्हातारा आला, दवाखान्यात गेला, रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि पोटावर हात ठेवून नुसताच उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला खुणेनं विचारलं. तो खुणेनं काहीतरी म्हणाला. त्याला कसल्या तरी गोळ्या मिळाल्या.

मी तुमच्या खिडकीत गेलो होतो. तांब्या तिथेच आहे. कण्हेरीला फुलं आहेत.

तुम्ही गेल्याचं मी मॅडमना कळवलं नव्हतं. काल त्यांचा निरोप आला. तुम्ही दर रविवारी विचारायचात तो निकाल अखेर लागला. जसा आला तसा वाचून दाखवतो:

"दत्ता, तुझ्या अव्वांची नोंद आपल्याला वगळावी लागेल. वाईट वाटतं, कारण बोलतानाच्या लाटा फार स्वच्छ आहेत. पण पाचव्या वाक्यानंतर जिथे त्यांनी स्तब्ध बसायचं होतं, त्या प्रत्येक रिकाम्या जागेत जबड्याची मोठी हालचाल आहे. आधी वाटलं यंत्राचा दोष. मग चित्रफीत पाहिली. त्या मिटल्या तोंडात काहीतरी घोळवतात आणि मान किंचित डावीकडे नेतात. काही खात होत्या का? आधी सलग पाच वेळा, आणि पुढे प्रत्येक वाक्यानंतर एकदा. त्यांना विचारून कळवशील?"

सोबत ती चित्रफीत होती. मी पाहिली, अव्वा. तुम्ही पाणी मागता. मॅडमचा आवाज येतो, हलू नका. तुम्ही क्षणभर काचेकडे पाहता, मी असेन तिकडे. मग गाल फुगवून कोरडंच तोंड खळखळवता आणि डावीकडे वळता, जिथे खिडकी नाही. मी मोजल्या. चाळीस. शेवटची झाल्यावर तुम्ही पदरानं तोंड पुसलंत, तो सारखा केलात, आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणालात, "बा."